धावताना छातीचा पट्टा श्वासाऐवजी पावलं का मोजतो, आणि त्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. छातीभोवती इलॅस्टिकचा पट्टा, त्यात कार्बन मिसळलेल्या रबराची ताणली जाणारी दोरी, ईएसपी३२ हा छोटा ब्लूटूथवाला मायक्रोकंट्रोलर आणि मोबाइलवर आलेख. बसल्या जागी मिनिटाला १५–१६ श्वास अगदी बरोबर येतात. ट्रेडमिलवर ताशी ९ किलोमीटरने धावायला लागलं की आकडा ८२–८४ वर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. १.५ हर्ट्झचा लो-पास फिल्टर (सेकंदाला दीड आवर्तनांहून जलद ते अडवणारा) लावूनही फरक नाही. मग फिल्टर कोणता लावावा, आणि एकाऐवजी दोन पट्टे घेतले तर उपयोग होईल का?

तो आकडा श्वासाचा नाही, पायांचा आहे. ताशी ९ किलोमीटरला बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १७० पडतात. १६६ चे निम्मे ८३. डावं आणि उजवं मिळून जे एक आवर्तन होतं, त्याला इथे जोडपाऊल म्हणू. जोडपावलाची वारंवारता साधारण १.४ हर्ट्झ येते, आणि ती १.५ च्या फिल्टरमधून सुखरूप पार होते. खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. वेग तोच ठेवा, कानात मेट्रोनोम लावा आणि मुद्दाम दोन सेकंदांना एक श्वास घ्या, म्हणजे मिनिटाला ३०. दोन मिनिटांनी ४० वर जा. आकडा ८३ वरच राहिला तर निदान पक्कं. हे आधी करा, कारण खोट्या आकड्यामागे दुसरीही दोन कारणं असू शकतात आणि ती खाली येतीलच.

आता फिल्टरचं. धावताना श्वास मिनिटाला ३० ते ५० च्या आसपास असतो, अगदी जीव तोडून धावताना ६० किंवा त्याहून वर. हर्ट्झमध्ये ०.५ ते १. पावलं २.८ वर, जोडपाऊल १.४ वर. कागदावर हे सगळं सुटसुटीत वेगळं दिसतं, म्हणून प्रत्येकजण आधी फिल्टरकडे वळतो. पण शरीर या दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या ठेवत नाही. डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की धावणारे प्राणी श्वास पावलांच्या तालात बांधतात. चौपायांमध्ये एका उडीला एक श्वास असा नियमच असतो. माणसाला मोकळीक जास्त आहे: एका श्वासाला जोडपावलं ४, ३, २, १, शिवाय अडीच आणि दीडसुद्धा. सगळ्यांत जास्त आढळतं ते दोन जोडपावलांना एक श्वास. म्हणजे १६६ पावलांच्या धावकाचा श्वास ४१–४२ वर असण्याची शक्यता भरपूर, आणि त्या श्वासाची दुसरी हार्मोनिक (मूळ दराच्या दुपटीवरची लहर) बरोबर ८३ वर, जोडपावलाच्याच डोक्यावर. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर याच्या आलेखात, ८३ ला उंच सुळका दिसतो त्यात दोघांचाही वाटा असतो. कोणाचा किती, हे नुसत्या स्पेक्ट्रमवरून कधीच सांगता येत नाही.

चालणं याहून अवघड आहे, आणि हे लोकांना पटत नाही. सिंहगडासारखा चढ भरभर चढताना पावलं मिनिटाला १०० च्या जवळपास पडतात, जोडपाऊल ५०. आणि धाप लागलेल्या माणसाचा श्वासही ४० ते ५० वर. दोन्ही एकाच वारंवारतेच्या टप्प्यात. इथे कोणताही लो-पास फिल्टर काहीही करू शकत नाही. म्हणून सपाट ट्रेडमिलवर धावताना उपकरण जमलं म्हणजे झालं असं समजू नका. खरी परीक्षा जिन्यावर आणि चढावर होते.

वर म्हटलेल्या दोन कारणांपैकी पहिलं कारण सॅम्पलिंगचं. श्वास हळू असतो म्हणून सेकंदाला ५ वाचनं पुरतील असं गणित अनेकजण करतात. ब्लूटूथवर डेटा कमी जातो, बॅटरी टिकते. पण पावलांची दुसरी हार्मोनिक ५.६ हर्ट्झवर असते. सेकंदाला ५ ने वाचलं की ती दुमडून (५.६ वजा ५) ०.६ हर्ट्झवर येते, म्हणजे मिनिटाला ३६. धावणाऱ्या माणसाचा श्वास म्हणून ३६ कोणालाही खरा वाटेल! सेकंदाला २ ने वाचलं तर २.८ ची पावलंच ०.८ वर येतात, म्हणजे ४८. एकदा दुमडलेला सिग्नल नंतर कोणत्याही गणिताने उलगडत नाही. सेन्सर किमान ५० हर्ट्झने वाचा, फिल्टर लावा, मग हवं तर १० हर्ट्झने पाठवा. ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) सरळ रेषेत वाचत नाही आणि रेडिओ चालू असताना त्याच्या वाचनात अचानक टोकं दिसतात. त्याऐवजी एडीएस१११५ सारखा बाहेरचा १६ बिटांचा एडीसी घ्या.

दुसरं कारण खुद्द रबराची दोरी. कार्बन भरलेल्या रबराचा विद्युत रोध ताणल्यावर वाढतो हे खरं, पण सोडल्यावर तो लगेच खाली येत नाही. काही मिनिटं हळूहळू उतरत राहतो. बसून घेतलेल्या संथ श्वासात हे खपून जातं. वेगात ताणसोड झाली की आणखी एक खोड दिसते: ताण सोडतानाही रोध थोडा वेळ पुन्हा वर उसळतो आणि एका श्वासाला दोन शिखरं येतात. शिखरं मोजणारा प्रोग्राम ४१ चे ८२ करतो. म्हणजे तुमचे ८३ हे पावलांमुळे, रबरामुळे किंवा दोन्हींमुळे असू शकतात. वेगळं करायला दोरी पट्ट्यातून काढा, एक टोक टेबलाला क्लॅम्पने धरा, दुसरं हाताने मेट्रोनोमच्या तालावर १० मिमी ओढा-सोडा, आधी मिनिटाला १५ वेळा, मग ४५ वेळा. आलेखात ४५ ला जोडशिखरं दिसली तर ही दोरी धावण्याच्या कामाची नाही, मग ती कितीही स्वस्त असो. माझ्या मते व्यायामासाठी ती वापरूच नये. वर्गात तत्त्व दाखवायला उत्तम आहे.

दोन पट्टे: खरं उत्तर इथे आहे

होय, दोन पट्टे घ्या. आणि कारण नीट समजून घ्या, कारण त्या कारणातच पावलांचा इलाज आहे.

छाती आणि पोट मिळून श्वासाचं एक भांडं होतं. १९६७ मध्ये कोनो आणि मीड यांनी दाखवलं की हे भांडं जवळजवळ दोनच मार्गांनी हलतं: बरगड्यांचा पिंजरा आणि पोट. दोन्हींची हालचाल योग्य प्रमाणात बेरजेला घेतली की आत-बाहेर गेलेल्या हवेचं आकारमान मिळतं. आता धावताना काय होतं ते पाहा. पाऊल आपटलं की पोटातले अवयव, यकृत, आतडी, जठर, सगळं मिळून काही किलोंचा ऐवज, श्वासपटलाखाली वर-खाली हिंदकळतो. पोट पुढे येतं तेव्हा छाती किंचित आत जाते, आणि उलट. हवा मात्र फारशी आत-बाहेर होत नाही. म्हणजे छाती आणि पोट विरुद्ध दिशांना हलतात, आणि योग्य प्रमाणात बेरीज केली की हे हिंदकळणं बरंचसं आपोआप पुसलं जातं. श्वास घेताना मात्र दोन्ही एकाच दिशेने फुगतात, म्हणून तो बेरजेत मोठा होतो. एकच पट्टा लावलात तर ही वजाबाकी करायला दुसरी बाजूच उरत नाही.

योग्य प्रमाण काढायची युक्ती जुनी आणि फुकट आहे. पट्टे बांधून उभे राहा (धावण्यासाठी मोजायचं असेल तर उभ्यानेच, झोपून काढलेलं प्रमाण उभं राहिल्यावर चालत नाही). सहज श्वास सोडा, नाक धरा, घसा बंद करा. आता हवा न घेता-सोडता पोट आत ओढा, बाहेर ढकला, सेकंदाला एकदा, आठ-दहा वेळा. आलेखावर छाती आणि पोट एकमेकांच्या उलट नाचताना दिसले पाहिजेत. समजा छातीचा झोका १,२०० एककांचा आला आणि पोटाचा ९००. तर छातीचा गुणक ९०० भागिले १,२००, म्हणजे ०.७५. आता ०.७५ × छाती + पोट ही रेघ त्या संपूर्ण कसरतीत जवळजवळ सपाट राहिली पाहिजे. झोक्याच्या दहाव्या भागाहून जास्त डोलत असेल तर घसा पूर्ण बंद नव्हता किंवा पट्टा घसरला. पुन्हा करा. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांना जमत नाही. आरशासमोर दोन-तीनदा सराव केला की येतं.

नुसता दर हवा असेल तर इथे थांबलात तरी चालेल. लिटरमध्ये आकारमान हवं असेल तर ८०० मिलिलिटरची पिशवी, तोंडात धरायची नळी आणि नाकाला चिमटा. पिशवी पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची, सहा-आठ श्वास. बेरजेचा झोका १,६०० एकक आला तर एका एककाला अर्धा मिलिलिटर. पिशवीतून पुन्हा-पुन्हा तीच हवा घेतली जाते, म्हणून आठ श्वासांच्या पुढे जाऊ नका आणि शेजारी कोणीतरी असू द्या. ज्यांना घसा बंद करून पोट हलवणं अजिबात जमत नाही, विशेषतः लहान मुलं, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: पाच मिनिटं शांत बसून नेहमीचा श्वास नोंदवायचा आणि पोटाच्या चढउताराच्या प्रमाण विचलनाला (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याला) छातीच्या प्रमाण विचलनाने भागायचं. श्वासांची खोली जवळपास सारखी आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं, म्हणून गुणक थोडा ढोबळ येतो. पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरा.

पट्टा कसा बनवायचा

ताण मोजण्याऐवजी घेर मोजणारा पट्टा घ्या. तत्त्व सोपं आहे: शरीराभोवती तारेचा एक वेढा, नागमोडी शिवलेला. आतला काटछेद वाढला की वेढ्याचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला चुंबकीय क्षेत्रामुळे होणाऱ्या विरोधाचं माप) वाढतं. यात तारेवर ताण येत नाही, फक्त नागमोडी वळणं उघडतात-मिटतात, म्हणून रबरासारखा रेंगाळणारा दोष नाही. झोपेच्या तपासणीत आणि हेक्सोस्किनसारख्या तयार शर्टांत हीच पद्धत वापरतात.

५ सेंटिमीटर रुंदीचं मऊ इलॅस्टिक घ्या. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ०.१ मिमीची इनॅमलची तार, सात पदर एकत्र पिळून. एकेरी जाड तार घेऊ नका, ती वाकून-वाकून तुटते. इलॅस्टिक पूर्ण ताणून धरायचं आणि मगच त्यावर तार झिगझॅग टाकायची: उंची ३ सेंटिमीटर, एका वळणापासून त्याच बाजूच्या पुढच्या वळणापर्यंत अडीच सेंटिमीटर. न ताणता शिवलं तर श्वास घेताना तारच पट्ट्याला अडवते. ८५ सेंटिमीटर घेराला सुमारे सव्वादोन मीटर तार लागते. वरून पातळ लायक्राची पट्टी शिवून तार झाका. चांगला टेलर हे तासाभरात करून देतो, फक्त शिलाई तारेच्या मधून न जाता तिच्यावरून जायला हवी, हे त्याला नीट दाखवून सांगा.

अशा वेढ्याचं इंडक्टन्स साधारण दीड ते अडीच मायक्रोहेन्री येतं. एलडीसी१६१२ ही दोन वाहिन्यांची चिप ते थेट वाचते, आणि दोन्ही वाहिन्या आळीपाळीने चालवत असल्याने एका पट्ट्याची दुसऱ्यात ढवळाढवळ होत नाही. वेढ्याला समांतर कपॅसिटर ४७० पिकोफॅरडचा, एनपी० जातीचा, म्हणजे तापमानाने जवळजवळ न बदलणारा. २ मायक्रोहेन्रीला यातून ५ मेगाहर्ट्झच्या आसपास दोलन मिळतं. इथे एक चूक हमखास होते. ‘वारंवारता कमी ठेवू, गोंगाट कमी होईल’ म्हणून १० नॅनोफॅरड लावतात, आणि चिप सतत दोलनाची उंची कमी पडल्याची त्रुटी दाखवते. वेढा लहान, इतक्या कमी वारंवारतेला त्याची रिअॅक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) कमी, तारेचा रोध मात्र तोच. चिपला तेवढा तोटा भरून काढता येत नाही. अशी त्रुटी आली तर कपॅसिटर कमी करा, तारेचे पदर वाढवा आणि तार डबीला जोडणाऱ्या टिचबटणांचे सांधे तपासा. सांध्यातला अर्धा ओहमसुद्धा इथे महाग पडतो, म्हणून तारेचं टोक बटणावर नुसतं दाबून बसवू नका, डाग द्या (सोल्डर करा).

छातीचा पट्टा काखेच्या थोडा खाली, स्तनाग्रांच्या पातळीवर. पोटाचा बेंबीच्या पातळीवर, कमरेच्या नाडीच्या वर. महिलांसाठी छातीचा पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली, उरोस्थीच्या टोकापाशी घ्या किंवा ब्रालाच शिवा. ब्राच्या वरून बांधलेला पट्टा धावताना ब्राची हालचाल मोजतो. श्वास सोडलेला असताना पट्टा १० ते १५ टक्के ताणलेला असावा. सैल बांधला तर प्रत्येक पावलाला उडतो, आणि ही उडी वरच्या बेरजेने पुसली जात नाही, कारण ती शरीराची नसून पट्ट्याची असते. आतल्या बाजूला सिलिकॉनचे ठिपके असलेलं इलॅस्टिक घ्या. खांद्यावरून दोन पट्ट्यांनी पोटाचा पट्टा उचलून धरा, नाहीतर घामाने ओला होऊन दोन किलोमीटरमध्ये तो कमरेवर उतरतो आणि मघाशी काढलेला गुणक निरुपयोगी होतो.

उरलेली पावलं

बेरजेने हिंदकळणं कमी होतं, पण धडाचा पीळ राहतो. हात पुढेमागे हलतात तसे खांदे आणि कंबर उलट फिरतात आणि पट्टा जोडपावलाच्या वारंवारतेने थोडा ताणला जातो. यासाठी छातीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डबीत सहा अक्षांचा हालचाल सेन्सर हवाच. एलएसएम६डीएसओ किंवा बीएमआय२७० चांगले. बाजारात सगळीकडे मिळणारा एमपीयू६०५० सुद्धा चालेल. त्वरणाची मर्यादा ±८ जी ठेवा. अनेक सेन्सरमध्ये सुरुवातीला असते ती ±२ जी तशीच ठेवली तर धावताना प्रत्येक पावलाचं टोक कापलं जातं, आणि कापलेल्या टोकांतून नवीन, खोट्या हार्मोनिक तयार होतात. दोन्ही सेन्सरना वेळेचा शिक्का एकाच घड्याळाचा हवा. पट्टा एका मॉड्यूलवर आणि हालचाल दुसऱ्यावर ठेवून नंतर फोनमध्ये जुळवायचा प्रयत्न करू नका.

लोक इथे लांबलचक अॅडाप्टिव्ह फिल्टर (संदर्भाशी जुळणारं सगळं सिग्नलमधून वजा करणारा) लावतात, त्वरण संदर्भ म्हणून देतात आणि आलेख सुंदर होतो. पण श्वास पावलांच्या तालात बांधला गेला असेल तर तो फिल्टर श्वासच खाऊन टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने तोही पावलांशी जुळलेला आहे. जितके जास्त गुणांक, तितकी भूक जास्त. त्याऐवजी साधं काही करा. उभ्या अक्षाभोवतीचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर), म्हणजे थेट पीळ, त्याचं वाचन आणि त्याचं समाकलन, म्हणजे फिरलेला कोन, एवढेच दोन संदर्भ घ्या; दहा सेकंदांच्या खिडकीत बेरजेच्या रेघेवर किमान वर्ग पद्धतीने (चूक सर्वांत कमी राहील असे गुणांक काढून) बसवा आणि वजा करा. दोनच गुणांक असल्याने दोन जोडपावलांना एक श्वास असताना श्वासाची फार तर दुसरी हार्मोनिक थोडी जाते. आकार जरा बदलतो, दर शाबूत राहतो.

मग ०.१ हर्ट्झचा हाय-पास, जो घाम आणि बसण्या-उठण्याने होणारी संथ सरक काढतो. आणि लो-पास, पण ठरावीक १.५ वर नाही. त्वरणावरून जोडपावलाची वारंवारता काढा आणि त्याच्या ०.८ पटीवर ठेवा. १.४ ला १.१ हर्ट्झ. बटरवर्थ जातीचा चौथ्या क्रमाचा फिल्टर घेतला तर सुमारे ०.४ सेकंदाचा उशीर होतो, जो दरासाठी चालतो. पण श्वास पावलांच्या नेमक्या कोणत्या क्षणी सुरू होतो हे अभ्यासायचं असेल तर नोंद साठवून नंतर पुढून-मागून दोन्हीकडून फिल्टर करा. चढावर चालताना हा नियम मोडतो, कारण ०.८३ च्या जोडपावलाला मर्यादा ०.६६ हर्ट्झ, म्हणजे ४० श्वास. तिथे लो-पास १ हर्ट्झवर ठेवा आणि फक्त बेरजेवर आणि पिळाच्या वजाबाकीवर भिस्त ठेवा. गुणक नीट काढलेला असेल तरच हे साधतं, म्हणून गड चढणाऱ्यांनी ती घसा बंद करण्याची कसरत पायथ्याला पुन्हा करावी.

दर मोजताना एफएफटीपेक्षा (स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणितापेक्षा) श्वासागणिक मोजा. ३० सेकंदांच्या खिडकीत एफएफटीची एक पायरी २ श्वासांची असते आणि वेग बदलला की आकडा मागे राहतो. दरीपासून शिखरापर्यंतचा चढ मागच्या आठ श्वासांच्या मध्यकाच्या (क्रमाने लावल्यावर मधे येणाऱ्या आकड्याच्या) ३० टक्क्यांहून जास्त असेल तरच तो श्वास धरा. दोन श्वासांत किमान ०.८ सेकंद, दाखवायचा आकडा शेवटच्या सात श्वासांचा मध्यक. सरासरी नको, एक खोकला तिला बिघडवतो. बोलताना श्वास चटकन घेतला आणि लांबवर सोडला जातो, खोलीही कमीजास्त होते, त्यामुळे गप्पा मारत धावणाऱ्याचा आकडा उड्या मारेल. तो दोष उपकरणाचा नाही.

आणि खोटा आकडा दाखवण्यापेक्षा आकडा न दाखवणं शिकवा. धावणाऱ्याचा त्या आकड्यावर विश्वास बसतो, वेग त्यावरून ठरवला जातो. एक चांगली कसोटी ही: निरोगी माणसाच्या जोडपावलाच्या कालावधीत साधारण एक-दोन टक्केच फरक असतो, श्वासाच्या कालावधीत त्याच्या कितीतरी पट. काढलेला दर जोडपावलाच्या किंवा पावलांच्या दरापासून मिनिटाला २ च्या आत असेल आणि शिवाय घड्याळासारखा स्थिर असेल, तर तिथे आकड्याऐवजी फक्त आडवी रेघ (–) दाखवा. तुमचा ‘८३, हलतच नाही’ हा आकडा या एका कसोटीवर लगेच पकडला गेला असता.

तपासणी

बसून १६ आले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. ३ मिनिटं बसणं, २ मिनिटं मोठ्याने वाचणं, ताशी ४ आणि ६ ने चालणं, ८, १० आणि १२ ने धावणं प्रत्येकी ३ मिनिटं, मग जिना, मग पुन्हा बसणं. किमान आठ-दहा वेगवेगळ्या बांध्यांच्या व्यक्तींवर, त्यांत महिला आणि पोट सुटलेले लोकही असू द्या. तुलनेसाठी तोंडावर मास्क, त्यात प्रवाहनळी (हवेचा प्रवाह मोजण्यासाठीची नळी) आणि एसडीपी८१० सारखा दाबफरकाचा सेन्सर. ती नळी आधी ३ लिटरच्या सिरिंजने हळू, मध्यम आणि जोरात ढकलून तपासा. मास्क लावला की श्वास थोडा खोल आणि हळू होतो, म्हणून मास्कसहचे आकडे मास्कविना धावण्याला लागू करू नका. ते फक्त दोन यंत्रांची गाठ घालण्यासाठी. निकाल देताना केवळ सहसंबंध गुणांक देऊ नका. सगळ्या वेगांचे आकडे एकत्र टाकले की तो ०.९ च्या वर सहज जातो, उपकरण प्रत्येक वेगाला ५ ने चुकत असलं तरी. प्रत्येक टप्प्याला दोन्हींतला फरक आणि त्या फरकाचा पसारा वेगवेगळा द्या.

बाकीचे मार्ग

छातीवरच्या ईसीजी पट्ट्याच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून श्वास काढतात, अनेक स्पोर्ट्स घड्याळं तेच करतात. बसून आणि हलक्या जॉगिंगला ते ठीक. पण श्वासाबरोबर ठोके मागेपुढे होणं हे मुख्यतः हृदय मंदावणाऱ्या व्हेगस नसेमुळे होतं, आणि जोर वाढला की तिचा हात सुटतो; नेमकं जिथे श्वासाचा आकडा हवा तिथेच सिग्नल बारीक होतो. मनगटावरच्या प्रकाशाच्या सेन्सरवर धावताना भरवसा नको. एडीएस१२९२आर चिपने छातीचा विद्युत अवरोध मोजता येतो, पण श्वासाने होणारा बदल ओहमच्या आसपासचा आणि धावताना इलेक्ट्रोडखाली कातडी सरकून होणारा त्याहून मोठा. सायकलवर मात्र धड स्थिर असल्याने ही पद्धत बरी चालते.

नाकाखालचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) फार लोक सुचवतात. बाहेर सोडलेली हवा ३४ अंशांच्या जवळ असते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना सिग्नल सुरेख येतो. नागपुरात मे महिन्यात हवा ३४ ओलांडते त्या घटकेला सिग्नल नाहीसा होतो आणि ४३ अंशांना उलटा येतो: श्वास घेताना गरम, सोडताना गार. शिवाय धावताना तोंडाने श्वास सुरू झाला की नाकाखालचा सेन्सर कोरडाच राहतो. ओलाव्याचा सेन्सर लावला तर पावसाळ्यातली कोकणची हवा त्याचा फरक खाते.

टिकाऊपणाबद्दल एवढं. एका तासाच्या धावण्यात पट्टा दोन-अडीच हजार वेळा श्वासाने आणि दहा हजार वेळा पावलाने हलतो. अशी पिळलेली तार सहसा मधे तुटत नाही. डागापासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटते, कारण कथील तारेत वर चढून तेवढा भाग ताठ होतो. डागानंतर १५ मिमी तार मऊ सिलिकॉनने इलॅस्टिकला चिकटवा, म्हणजे वाकणं डागापाशी न होता पुढे विभागलं जाईल. टिचबटणं स्टेनलेस स्टीलची घ्या. पितळी बटणं घामाने महिन्याभरात हिरवी पडतात आणि मग सिग्नलमध्ये पायऱ्या दिसू लागतात, ज्या पाहून लोक पुन्हा प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. धावून आल्यावर डबी काढा, पट्टे साध्या पाण्याने खळबळून सावलीत आडवे वाळत घाला. दोरीवर लटकवले तर ओल्या इलॅस्टिकच्या वजनाने ते लांबतात आणि पुढच्या वेळी सैल बसतात.